‘आणायचा नाही’ म्हणजे ‘डोन्ट हॅव टू’ नव्हे: एका ई-मेलमधल्या ‘हॅव’चा प्रकरण अभ्यास

कार्यशाळा एका दिवसाची होती, जागा ३० आणि सूचनांचा ई-मेल सात वाक्यांचा. तो लिहिणाऱ्या समन्वयक मराठी माध्यमातून शिकलेल्या, पण इंग्रजी रोज वाचणाऱ्या आणि रोज लिहिणाऱ्या. ई-मेलमध्ये स्पेलिंगची एकही चूक नव्हती. तरी कार्यशाळेच्या दिवशी सकाळी दारातच खोळंबा झाला. सभागृहात मोबाईल न्यायचा नाही असं ठरलेलं होतं आणि बहुतेक सगळे जण मोबाईल घेऊन आले होते. सूचना वाचली नाही म्हणून नव्हे. नीट वाचली म्हणूनच. फोन ठेवायची काही सोय केलेली नव्हती. मग पाकिटं शोधणं, त्यांवर नावं घालणं, ती कपाटात ठेवणं, यात ४० मिनिटं गेली. शिवाय दोन जणी आपापल्या सादरीकरणाच्या ३०-३० प्रती छापून घेऊन आल्या होत्या. प्रोजेक्टर चालेल याची खात्री नाही, असं त्यांना त्याच ई-मेलवरून वाटलं होतं.

ई-मेल असा होता:

१. वुई आर हॅविंग थर्टी सीट्स ओन्ली.
२. वुई हॅव सेंट यू द फॉर्म लास्ट वीक.
३. वुई हॅड रिपेअर्ड द प्रोजेक्टर.
४. यू डोन्ट हॅव टू ब्रिंग मोबाईल फोन्स इन्टू द हॉल.
५. एव्हरी पार्टिसिपंट हॅव टू साइन द रजिस्टर.
६. वुई विल हॅव लंच ॲट वन.
७. वुई आर कंडक्टिंग धिस वर्कशॉप सिन्स फाइव्ह इयर्स.

पहिल्या सहा वाक्यांत ‘हॅव’ कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. सातव्यात तो हवा होता आणि नाही. सहावं वाक्य सोडलं तर प्रत्येक वाक्यात काहीतरी बिघडलं आहे, पण सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नाहीत. दुसऱ्या वाक्यातली चूक कानाला खटकते एवढंच. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. तिसरं वाक्य वाचणाऱ्याला भलतीकडे नेतं. चौथं तर हव्या होत्या त्याच्या उलट परिणाम घडवतं. चुका तपासताना हा फरक आधी करावा असं आम्हाला वाटतं. सातही वाक्यांवर एकाच लाल शाईने गोल केले, तर लिहिणाऱ्याला नेमकं कुठे सावध राहायचं ते कळत नाही.

मूळ कुठे आहे

या समन्वयकांना शाळेत ‘हॅव म्हणजे असणे’ असं शिकवलेलं होतं. बहुतेकांना असंच शिकवतात. अडचण अशी की मराठीत ‘हॅव’ला समांतर असं एक क्रियापदच नाही. मराठी ते काम नामाला लागणाऱ्या प्रत्ययांकडून आणि शब्दयोगी अव्ययांकडून करून घेते आणि शेवटी ‘आहे’ ठेवते. मला एक भाऊ आहे. माझ्याकडे पेन आहे. टेबलाला चार पाय आहेत. तिच्यात धीर आहे. त्याचं दुकान आहे. मला ताप आहे. नातं असेल तर ‘ला’, हाताळायची वस्तू असेल तर ‘कडे’ किंवा ‘जवळ’, अंगचा गुण असेल तर ‘त’, मालकी असेल तर ‘चा-ची-चं’. मराठी माणूस यात कधी चुकत नाही. ‘माझ्याकडे एक भाऊ आहे’ म्हटलं की तो भाऊ सध्या राहायला आलाय, असं कुणालाही कळतं. इंग्रजीत ही सगळी वाक्यं एकट्या ‘हॅव’च्या अंगावर पडतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मराठीत अशा वाक्याचं क्रियापद माणसाच्या मागे जात नाही, वस्तूच्या मागे जातं. ‘त्याला दोन भाऊ आहेत’ यातलं ‘आहेत’ हे अनेकवचन भावांचं आहे. इंग्रजीत कर्ता तो स्वतः, म्हणून ‘ही हॅज टू ब्रदर्स’. डोक्यात ‘आहेत’ घोळत असलं की हातून ‘ही हॅव’ सहज लिहिलं जातं. पाचव्या वाक्यातली चूक याच जातीची आहे. ‘प्रत्येक सहभागीला सही करावी लागेल’ यात क्रियापद ‘सही’ला धरून चालतं, सहभागी एक की तीस याचं त्याला काही देणंघेणं नाही. इंग्रजीत ‘एव्हरी’नंतर एकवचनच, म्हणून ‘हॅज टू साइन’. एवढं दुरुस्त केलं की पाचवं वाक्य संपलं.

चौथं वाक्य

खरी गोची इथे आहे. समन्वयकांच्या मनातलं मराठी वाक्य होतं, ‘सभागृहात मोबाईल आणायचा नाही.’ त्यांनी लावलेला हिशेब वरवर पाहता बिनचूक आहे. ‘आणायचा आहे’ म्हणजे ‘हॅव टू ब्रिंग’. मग ‘आणायचा नाही’ म्हणजे ‘डोन्ट हॅव टू ब्रिंग’. होकाराला नकार जोडला, झालं.

पण दोन्ही भाषांत नकार एकाच जागी लागत नाही. ‘लागतं’ या अर्थाच्या वाक्यात नकार दोन ठिकाणी घालता येतो. एक, सक्तीला: आणायची सक्ती नाही, म्हणजे आणला तरी चालेल, नाही आणला तरी चालेल. दोन, कृतीला: न आणण्याची सक्ती आहे, म्हणजे मनाई. मराठीत पहिल्यासाठी ‘आणावा लागत नाही’ किंवा ‘आणायची गरज नाही’ आणि दुसऱ्यासाठी ‘आणायचा नाही’ अशी सरळ वेगळी रूपं आहेत. इंग्रजीत ‘डोन्ट’ चिकटतं ‘हॅव’ला, त्यामुळे सक्ती तेवढी रद्द होते. मनाई करायची तर ‘मस्ट नॉट’ लागतं. तिथे ‘नॉट’चा भार पुढच्या कृतीवर पडतो.

म्हणून तीस जणांनी वाचलं ते असं: ‘मोबाईल सभागृहात आणावाच असं काही नाही.’ आता एरवीही खिशात असणारी वस्तू ‘आणलीच पाहिजे असं नाही’ म्हटल्यावर कोण घरी ठेवून येईल?

होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ सारखे वाटतात, नकारात ते एकमेकांपासून पार दूर जातात. ‘यू मस्ट साइन’ आणि ‘यू हॅव टू साइन’ यांत सही दोन्हीकडे करायचीच. ‘यू मस्ट नॉट साइन’ म्हटलं की सही करू नका. ‘यू डोन्ट हॅव टू साइन’ म्हटलं की नाही केली तरी चालेल. औषधाच्या सूचनेत, परीक्षेच्या नियमात, यंत्रावरच्या पाटीत ही गल्लत किती महाग पडेल हे सांगायला नको.

‘आणायचा आहे’ या रूपात आणखी एक खाच आहे. ‘मला उद्या जायचं आहे’ याचे मराठीत दोन अर्थ होतात: जायची इच्छा आहे, किंवा जाणं भाग आहे. मराठीत संदर्भावर भागतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं, ‘आय वॉन्ट टू गो’ की ‘आय हॅव टू गो’. वरिष्ठांना रजेचा अर्ज लिहिताना ‘आय वॉन्ट टू गो टू द डॉक्टर’ लिहिणाऱ्याला बहुधा ‘जावं लागणार आहे’ म्हणायचं असतं. आणि भूतकाळात ‘जावं लागलं’ म्हणायचं असेल तर ‘हॅड टू गो’ हीच वाट आहे, कारण ‘मस्ट’ला या अर्थाचं भूतकाळी रूप नाही.

बोलताना कामी येणारी एक बारीक खूण. सक्तीच्या अर्थाचा ‘हॅव टू’ उच्चारताना ‘व्ह’चा ‘फ’ होतो, ‘हॅफ टू’. ‘हॅज टू’चं ‘हॅस टू’ होतं. ‘आय हॅव टू बुक्स’ म्हणजे माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत, इथे ‘व्ह’ तसाच राहतो. ‘आय हॅव टू बुक टू सीट्स’ म्हणजे मला दोन जागा राखून ठेवायच्या आहेत, इथे ‘फ’ ऐकू येतो. देवनागरीत दोन्ही ‘टू’ सारखेच दिसत असले तरी कान त्यांतला फरक लगेच पकडतो.

तिसरं वाक्य: तेच शब्द, दुसरी जागा

मनातलं मराठी होतं, ‘आम्ही प्रोजेक्टर दुरुस्त करून घेतला आहे.’ लिहिलं गेलं, ‘वुई हॅड रिपेअर्ड द प्रोजेक्टर.’ याचा अर्थ होतो, आम्ही स्वतः प्रोजेक्टर दुरुस्त केला होता, आणि तेही दुसरं काहीतरी घडण्याच्या आधी. इंग्रजी वाचणारा ‘हॅड’ आणि तिसरं रूप एकत्र दिसलं की त्या ‘दुसऱ्या काहीतरी’ची वाट पाहतो. केला होता, पण? पुन्हा बिघडला? ई-मेलमध्ये पुढे काहीच नव्हतं, म्हणून त्या दोघींनी आपल्यापरीने अंदाज बांधला आणि प्रती छापल्या.

इथे एकावर एक अशा दोन चुका आहेत. पहिली ‘हॅड’ची. मराठीत ‘केला होता’ला मागे-पुढे दुसरी घटना लागतेच असं नाही. ‘आम्ही मागे एकदा तिकडे गेलो होतो’ हे आपल्या परीने पुरं वाक्य आहे. ‘होतो’मुळे गोष्ट जरा लांबची वाटते, बस. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ लांबचं अंतर दाखवत नाही, क्रम दाखवतं: दोन भूतकाळी घटनांपैकी आधीची कोणती. एकच घटना सांगायची असेल तर साधा भूतकाळ, ‘वुई वेन्ट’.

दुसरी चूक शब्दांच्या जागेची. ‘करून घेणे’ या अर्थासाठी ‘हॅव’ची एक खास रचना आहे: आधी ‘हॅव’, मग ज्याचं काम करून घ्यायचं ती वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे मी केस कापून घेतले. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी माझे केस कापले होते, स्वतःच्या हाताने. शब्द तेच पाच. ‘कट’ची जागा बदलली की कात्री कुणाच्या हातात होती ते बदलतं.

ही रचना डोक्यात पक्की बसायची असेल तर तिचा उगम पाहावा. ‘हॅव’ जुन्या इंग्रजीतल्या ‘हॅबन’वरून आला आणि त्याच्या मुळाशी पकडण्याचा, हाती धरण्याचा अर्थ आहे. लॅटिनमधलं ‘हाबेरे’ त्याच्याशी दिसायलाही जुळतं आणि अर्थालाही, पण दोघांचं कूळ एक नाही. ‘हॅव’चं कुळातलं नातं पकडणे या अर्थाच्या लॅटिन ‘कापेरे’शी आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेल्या स्थितीत’ अशा धाटणीची वाक्यं होती. त्यांतूनच हळूहळू ‘आय हॅव रिटन द लेटर’, मी पत्र लिहिलं आहे, हा पूर्ण वर्तमानकाळ तयार झाला. ‘हॅव’ आणि तिसरं रूप शेजारी आले, मालकी मागे पडली, काळ उरला. वस्तू मध्ये ठेवणारी रचना मात्र ‘करून घेण्या’च्या अर्थाने आपल्या जागी राहिली. मराठीने हेच काम ‘असणे’वर सोपवलं: लिहिलं आहे, लिहिलं होतं. म्हणूनच इंग्रजी शिकताना ‘हॅव’ हे कधी मालकीचं क्रियापद, कधी नुसतं काळ दाखवणारं सहायक, हे मराठी मनाला अवघड जातं. आपल्याकडे मालकी दाखवायला आणि काळ दाखवायला ‘आहे’ आहे, पण त्याचं इंग्रजी भाषांतर आधी ‘इज’ असं पाठ झालेलं असतं.

दुरुस्त वाक्य: ‘वुई हॅव हॅड द प्रोजेक्टर रिपेअर्ड.’ यातला पहिला ‘हॅव’ काळाचा, दुसरा ‘हॅड’ करून घेण्याचा. दोन्ही शेजारी आले की छापायची चूक वाटते, पण ते बरोबर आहे. ज्यांना तसं लिहायची भीती वाटते त्यांनी ‘द प्रोजेक्टर हॅज बीन रिपेअर्ड’ लिहावं. कुणी केलं ते महत्त्वाचं नसताना हेच जास्त सुटसुटीत.

पहिलं आणि सहावं, जोडीने

‘वुई आर हॅविंग थर्टी सीट्स’ चूक आणि ‘वुई आर हॅविंग लंच’ बरोबर, असं का? कारण पहिल्यात ‘हॅव’ म्हणजे असणे, दुसऱ्यात जेवणे. असणं ही स्थिती आहे, ती चालू-बंद होत नाही, म्हणून तिला ‘-इंग’ लागत नाही. नाती, मालकी, आजार, शरीराचे भाग, गुण, सगळीकडे साधं ‘हॅव’ किंवा ‘हॅज’: ‘शी हॅज अ फीव्हर’. जिथे ‘हॅव’च्या जागी मराठीत एखादी कृती येते तिथे ‘-इंग’ चालतं: चहा पिणं, अंघोळ करणं, बैठक घेणं, मजा करणं.

पडताळा सोपा आहे. वाक्य मराठीत म्हणा. शेवटी नुसतं ‘आहे’ आलं तर ‘-इंग’ नको. ‘पीत आहे’, ‘करत आहे’, ‘घेत आहे’ असं आलं तर चालेल. एका ठिकाणी हा पडताळा विशेष जपून लावावा: ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला मूल आहे; ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला मूल होणार आहे, किंवा आत्ता होत आहे. ओळखीच्या बाईंबद्दल दुसरं वाक्य लिहिलं तर अभिनंदनाचे फोन सुरू होतील.

‘आर हॅविंग’ हातून का लिहिलं जातं? आमच्या मते ‘आमच्याकडे तीस जागा आहेत’ यातल्या ‘आहेत’चं ‘आर’ आधी उमटतं, मग ‘कडे’साठी ‘हॅव’ आठवतो, आणि ‘आर’पुढे तो बसवायला त्याचं ‘हॅविंग’ करावं लागतं. सहावं वाक्य बरोबर आलं, कारण ‘एक वाजता जेवण घेऊ’ यात ‘आहे’ मुळातच नव्हतं.

दुसरं आणि सातवं

‘आम्ही गेल्या आठवड्यात फॉर्म पाठवला आहे’ हे मराठी निर्दोष आहे. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ मात्र संपलेल्या वेळेचा उल्लेख सहन करत नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन जून’ असं काही वाक्यात आलं की साधा भूतकाळ: ‘वुई सेंट’. न संपलेली वेळ चालते: ‘वुई हॅव सेंट टू फॉर्म्स धिस वीक’, कारण आठवडा अजून चालू आहे.

सातव्यात उलटं झालं. ‘पाच वर्षांपासून घेत आहोत’ याला मराठीत वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला तेव्हापासून आत्तापर्यंतचा पल्ला दाखवायला ‘हॅव बीन’ लागतं. आणि ‘पासून’ म्हणजे दर वेळी ‘सिन्स’ नव्हे. सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स मंडे’, कालावधी असेल तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’.

दुरुस्ती कशी केली

नियमांची यादी पाठ करायला दिली नाही. समन्वयकांनी ई-मेलची प्रत काढली, प्रत्येक वाक्याखाली मनातलं मूळ मराठी वाक्य लिहिलं, आणि त्या मराठी वाक्यात अर्थ कुठे बसला आहे तिथे रेघ ओढली: ‘कडे’, ‘पाठवला आहे’, ‘करून घेतला’, ‘आणायचा नाही’, ‘करावी लागेल’, ‘जेवण घेऊ’, ‘पासून’. सात रेघा ओढल्यावर ‘हॅव म्हणजे असणे’ हे समीकरण त्यांचं त्यांनाच अपुरं वाटलं. त्यानंतर प्रश्न करून पाहिला. प्रश्नात ‘हॅव’ स्वतः पुढे आला, ‘हॅव यू सेंट?’, तर तो काळाचा. ‘डू’ मदतीला आला, ‘डू यू हॅव?’, ‘डू वुई हॅव टू?’, तर तो मालकीचा, कृतीचा किंवा सक्तीचा. जुन्या ब्रिटिश लेखनात ‘हॅव यू अ पेन?’ सापडतं, पण आज त्या जागी ‘डू यू हॅव’ किंवा ‘हॅव यू गॉट’ म्हणतात. मालकीचं असूनही ‘हॅव’ पुढे येणारं ‘हॅव यू गॉट’ तेवढं अपवाद धरलं, की रोजच्या लेखनाला हा पडताळा पुरतो.

या सगळ्याला साधारण तासभर लागला. त्यातला अर्धा वेळ एकट्या चौथ्या वाक्याला गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. सूचना देणाऱ्याने आधी मराठीत ‘गरज नाही’ आणि ‘मनाई आहे’ यांपैकी एक लिहून काढायचं आणि मगच इंग्रजीकडे वळायचं, एवढी एक सवय लागली तरी दारातला खोळंबा टळतो.

नवा ई-मेल:

१. वुई हॅव ओन्ली थर्टी सीट्स.
२. वुई सेंट यू द फॉर्म लास्ट वीक.
३. वुई हॅव हॅड द प्रोजेक्टर रिपेअर्ड.
४. यू मस्ट नॉट ब्रिंग मोबाईल फोन्स इन्टू द हॉल.
५. एव्हरी पार्टिसिपंट हॅज टू साइन द रजिस्टर.
६. वुई विल हॅव लंच ॲट वन.
७. वुई हॅव बीन कंडक्टिंग धिस वर्कशॉप फॉर फाइव्ह इयर्स.

‘मस्ट नॉट’ पाहुण्यांना कडक वाटेल अशी शंका समन्वयकांनी काढली आणि ती रास्त होती. त्यावर ‘प्लीज डू नॉट ब्रिंग’ केलं. मनाई तीच राहते, आवाज खाली येतो. पुढच्या कार्यशाळेच्या ई-मेलमध्ये हे वाक्य जसंच्या तसं गेलं, आणि त्याखाली ‘फोन ठेवायला दाराशी लॉकर आहेत’ ही नवी ओळ आली. ती त्यांनी ‘वुई आर हॅविंग लॉकर्स’ अशी लिहिली होती. पाठवण्याआधी मराठी वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, शेवटी नुसतं ‘आहेत’ आलं, आणि ‘आर हॅविंग’ खोडून ‘हॅव’ केलं.